फोम पॉलिशिंग पॅड: धुणं, वाळवणं, टिकवणं (खाऱ्या पाण्यासकट)

काळीमाती:
राजेहो, पॅड धुण्याबद्दल वेगवेगळ्या धाग्यांत तुकड्या-तुकड्यानं बरंच लिहून झालं आहे. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा काढला. गाडीचा रंग पॉलिश करायची मशीनं दोन: डीए (पॅड फिरता-फिरता हलवणारं) आणि रोटरी (नुसतं गोल फिरवणारं). दोन्हीचे फोम पॅड धरून लिहितो. कुठं चुकलं असेल तर सरळ सांगा.

आधी पॅड मरतो कशानं ते पाहू. फोम पॅड म्हणजे पॉलियुरेथेनचा स्पंज, मागं वेल्क्रोचं मऊ कापड आणि दोघांच्या मधे गोंदाचा थर. फोम झिजला म्हणून टाकलेले पॅड फार थोडे. बहुतेक पॅड गोंद सुटून जातात, नाहीतर आत कंपाउंड वाळून जातात. कंपाउंडमधे ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड, तेल आणि पाणी असतं. काम चालू असताना पाणी उडून जातं, तेल फोम पितो, आणि उरलेली पूड व क्लिअर कोटचा (रंगावरच्या पारदर्शक थराचा) घासलेला चुरा मिळून वर पापडी धरतात. त्या पापडीवर बोट फिरवा, काचेसारखी गुळगुळीत लागेल. छिद्रं बुजली की हवा खेळत नाही, उष्णता मधोमध कोंडते, तिथला गोंद मऊ पडतो. म्हणून वेल्क्रो पुष्कळदा कडेऐवजी मधूनच आधी उकलतं.

यावरून सफाईचे दोन भाग पडतात: काम चालू असतानाची झाडणी आणि काम संपल्यावरची धुलाई. झाडणी चुकली तर ती कसर धुलाईनं भरून निघत नाही, हे मी सगळ्यात महत्त्वाचं धरतो.

झाडणी अशी. साडेपाच इंची पॅडला पहिल्यांदा वाटाण्याएवढे ५-६ थेंब कंपाउंड, पॅड एकदा तयार झाला की पुढं ३ थेंब पुरतात. जास्त घातलं म्हणून जास्त कटिंग (ओरखडे घासून काढणं) होत नाही, जादाचं सगळं पॅडच्या पोटात जातं. २ फूट बाय २ फूट तुकडा झाला की गाडीपासून चार पावलं दूर जा, मशीन उताणं धरा, स्पीड १ किंवा २, आणि नायलॉनचा ब्रश मधून कडेकडं हलक्या हातानं ५-६ सेकंद फिरवा. डीएवर ब्रश जोरात दाबला की पॅड फिरायचा थांबतो, तेव्हा दाब कमी करायचा. ब्रश कपडे घासायच्या ब्रशइतका कडक नको, त्यानं फोमचे तोंडचे धागे तुटतात. पांढरी पूड उडते, म्हणून चष्मा आणि मास्क हवाच. पृष्ठभाग परत मखमलीसारखा लागला, छिद्रं उघडी दिसली की झालं. "दोन-तीन तुकडे झाले की झाडू" म्हटलं तर मे महिन्यात पापडी धरलीच समजा.

आता धुलाई. पॅड मशीनवरून काढताना कडेला धरून ओढू नका. बोटं वेल्क्रोच्या कापडाखाली घालून, प्लेटला (पॅड जिच्यावर चिकटतो ती मशीनची चकती) लागून सोडवा, म्हणजे ताण गोंदावर येत नाही. काढल्यावर लगेच धुवा. लगेच जमत नसेल तर एपीसीच्या (ऑल पर्पज क्लीनर, सगळ्या कामाचं सफाईचं लिक्विड) पाण्याचे दोन फवारे मारून झाकणाच्या डब्यात ठेवा, पण त्याच दिवशी धुवा. ओलं कंपाउंड पाच मिनिटांत निघतं, वाळलेल्याला तास लागतो आणि तरी पुरतं निघत नाही.

एपीसी १ भाग, पाणी १० भाग. फार भरलेला कटिंग पॅड असेल तर १ ला ४ पर्यंत जा, त्याहून तिखट नको. फोमवर ५-६ फवारे, ३ ते ५ मिनिटं मुरू द्या, वाळू देऊ नका. मग कोमट पाण्यात, म्हणजे हाताला सुखाचं लागेल इतपत, ४० अंशांच्या आसपास, मऊ ब्रशनं गोल फिरवत घासा आणि दोन तळहातांमधे सपाट दाबा. १०-१५ दाब. पिळायचं अजिबात नाही, पिळल्यानं फोम आणि कापड वेगवेगळ्या दिशेनं ओढले जातात आणि कडेचा गोंद सुटतो. फेस राखाडी आला तर परत एपीसी, फेस पांढरा आला की नुसतं पाणी. दाबल्यावर निघणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून पाहा. दुधट दिसलं तर अजून पूड आत आहे.

डाग राहिला म्हणून घाबरू नका. लाल, निळा, काळा डाग फोमला धरून राहतो आणि त्यानं कामात काही बिघडत नाही. पृष्ठभाग उघडा आणि मऊ आहे ना, एवढंच बघायचं.

वाळवताना फोम खाली, वेल्क्रो वर. पाणी खाली ओघळतं, उलट ठेवलं तर ते गोंदाच्या थरावर साचतं. लोखंडी जाळीवर, सावलीत. उन्हात टाकला तर फोम पिवळा पडतो आणि पुढं भुगा होऊन झडतो.

खारपाण:
भाऊ, सगळं बरोबर, पण पाण्याचं राह्यलं. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, हा सारा पूर्णाकाठचा खारपाण पट्टा. इथं बोअरचं पाणी खारं बी हाये अन् जड बी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागं मिलिग्रॅम) ५०० पर्यंत चांगलं धरते, दुसरी सोय नसली तं २००० पर्यंत चालवून घेते. आमच्या कित्येक बोअरचं पाणी त्याच्याही वर जाते. अशा पाण्यात पॅड धुतला अन् तसाच वाळवला तं फोम पापडासारखा कडक होते, ठोकला तं पांढरी भुकटी झडते. थे कंपाउंड नाई, पाण्यातला क्षार हाये. काळ्या गाडीवर असा पॅड फिरवला तं धुरकट जाळी उमटते.

मंग करा काय? घासाघासी बोअरच्या पाण्यातच करा, त्याले हरकत नाई. शेवटची खळबळ फक्त गोड्या पाण्यात. एका साडेपाच इंची पॅडले १ लिटर कॅनचं पाणी पुरते: अर्धा लिटर घ्या, १० वेळा दाबा, फेका, परत अर्धा लिटर. पावसाळ्यात टिनावरचं पाणी सगळ्यात चांगलं, फक्त पहिल्या पावसाचं धरू नका, टिनावरची धूळ सारी त्यात येते. अन् आरओ प्लांटचं वाया जाणारं पाणी फुकट मिळते म्हणून आणू नका. त्यात क्षार अजून जास्त असते.

टीडीएस मीटर पेनाएवढा येते, घेऊन ठेवा. पॅड दाबून निघालेलं शेवटचं पाणी मोजा. कॅनच्या पाण्याचा आकडा अन् याचा आकडा जवळपास आला तं खळबळणं पुरं झालं. दुपटीनं दिसला तं अजून एक खेप.

वर्धाकाठ:
खारपाण दादांच्या मुद्द्याला जोडून धुण्याच्या साबणाचं लिहिते, कारण जड पाण्यात चुकीचा साबण घेतला तर पॅडमधे नवाच मळ तयार होतो.

जड पाणी म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. अंगाचा किंवा कपड्याचा वडीचा साबण या कॅल्शियमशी मिळून चिकट साका करतो. बादलीच्या कडेला जो राखाडी थर बसतो तोच. फोमच्या छिद्रात तो बसला की पाण्यानं सुटत नाही. कपड्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. सोडा आणि कॅल्शियम मिळून बारीक खडू तयार होतो, तोही छिद्रातच अडकतो. शिवाय पावडरीचं पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं, गोंदाला ते बरं नाही. म्हणून दोन्ही टाळा. एपीसी नसेल तर भांड्यांचं लिक्विड चालेल, लिटरला ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा. फेस फार येतो, तो पुरता जाईपर्यंत ५-६ पाणी बदलावी लागतात. साबण आत राहिला तर कंपाउंड पॅडवर धरत नाही, नुसतं घसरतं.

आधीच खडू बसून कडक झालेला पॅड असेल तर किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं ते घ्या. १ लिटर पाण्यात १ चहाचा चमचा, पॅड १० मिनिटं त्यात दाबून ठेवा. खडू असेल तर बारीक बुडबुडे दिसतात. नंतर गोड्या पाण्यानं दोनदा खळबळा. हे महिन्यातून एखाद्या वेळेसच, दर धुलाईला नाही. आणि ज्या बादलीत ब्लीच होतं त्या बादलीत लिंबूसत्व चुकूनही नको, क्लोरीन वायू सुटतो. खरं तर ब्लीच पॅडजवळ आणूच नका, पॉलियुरेथेन त्यानं ठिसूळ होतं.

कपडे मऊ करायचं लिक्विडही नको. त्याचा थर फोमवर राहतो आणि तो पुढं पेंटवर पुसटशा तेलकट रेघा सोडतो.

लाल_ट्रॅक्टर:
थिनरनं पाच मिनिटांत साफ होतो, पेट्रोलनंही होतो. रंगाचं काम करणारे सर्रास करतात. यात नुकसान काय ते कोणी सांगेल का?

काळीमाती:
भाऊ, फोम वरून साफ दिसतो हे खरं. पण थिनर आणि पेट्रोल फोममधून सरळ गोंदापर्यंत जातात आणि गोंद विरघळवतात. थिनरनं फोम फुगतोही, वाळल्यावर पूर्वीच्या मापाला येत नाही, मग मशीनवर पॅड डगडगतो. दुसरं म्हणजे, थेंबभर जरी आत राहिलं तरी घर्षणाच्या उष्णतेनं ते क्लिअर कोटवर उतरतं. आणि मशीनच्या कार्बन ब्रशवाल्या मोटरमधे ठिणगी असते, त्याच्याशेजारी पेट्रोलनं भिजलेला पॅड फिरवणं म्हणजे आग लावण्याची तयारी. रॉकेल, डिझेल यांनाही हेच लागू. तेलकट मेणाचा थर निघत नसेल तर संत्र्याच्या सालीच्या तेलाचे डिग्रीझर मिळतात, ते १ ला ५ करून वापरा आणि १० मिनिटांच्या आत धुऊन काढा.

लाल_ट्रॅक्टर:
समजलं. मग अजून एक. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पॅड फिरवला की पॅड लालेलाल होतो. रंग निघून राहिला म्हणून लोक घाबरून काम थांबवतात.

काळीमाती:
ट्रॅक्टर, जुन्या जीपा, बऱ्याच ट्रॉल्या यांच्यावर एकपदरी रंग असतो, वर क्लिअर कोट नसतो. पॅड सरळ रंगच घासतो, म्हणून पॅडवर रंग येणारच. हात हलका ठेवा, कटिंग पॅडऐवजी मध्यम पॅड घ्या, आणि पॅड लवकर बदला, कारण निघालेला रंग छिद्रं लवकर भरतो. एका बॉनेटला २ पॅड धरा. हे पॅड वेगळे ठेवा, पांढऱ्या गाडीवर ते परत नेऊ नका.

पण कारच्या बाबतीत उलट आहे. आताच्या कारला क्लिअर कोट असतो, त्याचा चुरा पांढरट निघतो. अशा गाडीवर पॅडला गाडीचाच रंग दिसला तर हात तिथंच थांबवा. क्लिअर कोट पार झालेला असतो, बहुतेक दाराच्या कडेला नाहीतर बॉनेटच्या उंच रेषेवर. त्यावर धुलाई, पॉलिश काही चालत नाही, तिथं पेंटच लागतो.

धूळवाट:
ब्रशपेक्षा हवा चांगली, हे ठासून सांगायला पाहिजे. ब्रश वरची पापडी मोडतो, हवा आतली पूड बाहेर काढते. टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर पुरतो. प्रेशर ६० ते ८० पीएसआय, नोझल पॅडपासून २-३ इंच, सरळ न धरता तिरपं, मधून कडेकडं. १० सेकंदांत काम होतं. डीएवर हवेनंच पॅड फिरायला लागतो, त्याला मोकळं भिरभिरू देऊ नका. बेअरिंग त्या वेगासाठी नसतं. एका बोटानं प्लेट अडवून धरा. नोझल फोमला टेकवून मारलं तर फोम आतून फाटतो, बाहेरून दिसत नाही आणि पुढच्या गाडीवर तुकडा निघतो.

काम सुरू करायच्या आधी टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढून टाका. जुन्या कॉम्प्रेसरमधून पाण्यासोबत तेलही येतं. पांढऱ्या कागदावर १० सेकंद हवा मारून बघा, पिवळा ठिपका आला तर ती हवा पॅडला नको. तेल फोममधे गेलं की कंपाउंड मधे-मधे धरत नाही आणि पेंटवर पट्टे दिसतात.

वणी, घुग्घुसकडं रस्त्यावर कोळशाची धूळ, कोरपना-गडचांदूरकडं सिमेंटची. या गाड्यांना पॅड लावायच्या आधी फोम वॉश आणि क्ले बार (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी) झालाच पाहिजे. सिमेंटची धूळ ओली झाली की घट्ट होते, आणि तसे बारीक खडे पॅडमधे शिरले तर कुठल्याच धुलाईनं निघत नाही. पॅड लवकर खराब होतो अशी तक्रार येते तेव्हा निम्मा दोष आधीच्या धुलाईचा असतो.

काळीमाती:
हवेचा मुद्दा मान्य. वर मी ब्रशच लिहिला, कारण गावोगावी घरी जाऊन काम करणाऱ्यांजवळ कॉम्प्रेसर नसतो. दोन्ही जमत असेल तर आधी ब्रश, मग हवा. ब्रशही नसेल तर कोरडा सुती टॉवेल हातावर पसरून फिरत्या पॅडवर ५ सेकंद दाबा, पूड आणि जादाचं तेल दोन्ही टॉवेलवर उतरतं.

एक भर अजून. आताच्या बऱ्याच कंपाउंडमधली पूड काम करताना फुटत नाही, शेवटपर्यंत तेवढीच धारदार राहते. म्हणून "जुनं कंपाउंड आता मऊ झालं असेल" हा हिशेब चुकीचा. कटिंगचं कंपाउंड लागलेला पॅड कितीही धुतला तरी फिनिशिंगला (शेवटची चमक काढायला) वापरू नका. नवा पॅड आला की वेल्क्रोच्या कापडावर पक्क्या मार्करनं लिहा: कटिंग, पॉलिश की फिनिश, आणि कंपाउंडचं नाव. रंगावरून ओळखायला जाऊ नका. लेक कंट्रीचा पिवळा पॅड कटिंगचा आहे, रुपेसचा पिवळा फाइन. दोन कंपन्यांचे पॅड एका डब्यात असले तर रंग फसवतो.

पांढरं_सोनं:
पावसाळ्यात वाळतच नाई हो. दोन दिवस ठेवला तरी मधात ओला. लवकर वाळवायचा उपाय सांगा. हेअर ड्रायर चालते का?

वर्धाकाठ:
ड्रायर, हीटर, गॅसजवळ ठेवणं, काहीच नको. गोंद उष्णतेनंच सुटतो. त्यापेक्षा कूलर घ्या. पंप बंद, टाकी रिकामी, गवताच्या ताट्या काढलेल्या, नुसता पंखा. पॅड जाळीवर, वेल्क्रो वर, पंख्यासमोर ३-४ फुटांवर. पंप चालू ठेवलात तर दमट हवा येते आणि पॅड कधीच वाळत नाही.

त्याआधी पाणी जेवढं काढाल तेवढं बरं. पॅड दोन कोरड्या टॉवेलांच्या मधे ठेवून वरून सपाट दाब द्या. मग मशीनवर लावून रिकाम्या खोल बादलीत तोंड खाली धरा, पॅड बादलीच्या आत गेल्यावरच स्विच दाबा, स्पीड १-२, १५ सेकंद. पाणी बादलीच्या भिंतीवर उडतं. बादलीत पाणी नको, मशीनचं धड बादलीच्या वर, हात आणि प्लग कोरडे, आणि बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. तो नसेल तर हे करू नका, टॉवेलवरच भागवा.

पुरता वाळला की नाही हे हाताला कळत नाही, वरून कोरडा आणि आत ओला असतो. नवा पॅड आणला की स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचं वजन घ्या आणि मार्करनं वेल्क्रोवर लिहा. धुतल्यावर वजन परत तिथपर्यंत आलं, एक-दोन ग्रॅम इकडं तिकडं, की वाळला. काटा नसेल तर वर्तमानपत्राच्या कागदावर पॅड ठेवून वर २ किलोचं वजन, ५ मिनिटं. कागदावर ओल उमटली तर अजून ठेवा.

ओला पॅड वापरला तर कंपाउंड पातळ होतं, शिंतोडे उडतात, कटिंग कमी होतं. आणि ओला पॅड प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला तर बुरशीचा वास धरतो. पॉलिएस्टर जातीचा फोम असेल तर दमट उष्णतेत तो पाण्यामुळंच हळूहळू तुटत जातो, बोटानं दाबला की भुगा. पॉलिईथर जातीचा फोम जास्त टिकतो, पण पुडक्यावर हे लिहिलेलं नसतं. म्हणून सगळ्यांनाच कोरडं ठेवणं बरं.

पांढरं_सोनं:
वजनाची युक्ती भारी हाये, ताई. साठवणीचं बी सांगून टाका. आमच्याकडे वेचणीच्या दिवसात घरभर कापसाचे तंतू उडते, अन् तूर काढली की भुसा.

वर्धाकाठ:
पुरता वाळल्यावर प्रत्येक पॅड वेगळ्या झिप पाउचमधे, मग झाकणाच्या डब्यात, आडवा, वर ओझं न ठेवता. एकावर एक रचले तर खालचे दबून बसतात आणि मशीनवर एका बाजूला झुकतात. कापसाचा तंतू फोमवर आला तर हातानं ओढू नका, चिकटपट्टीच्या चिकट बाजूनं टिपा. तुरीचा भुसा मात्र कडक आणि टोकदार असतो. तो छिद्रात शिरलेला दिसला तर पॅड हवेनं झाडा आणि तरीही तो फिनिशिंगला घेऊ नका.

खारपाण:
जमिनीवर पडलेला पॅड धुऊन चालते का, हे बी लोक विचारत राह्यते. आपली काळी माती मऊ दिसते, पण तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असते अन् बेसॉल्टची रेती असते. एक कण फोमात अडकला तं पूर्ण बॉनेटवर गोल गोल रेघा. कटिंग पॅड पडला तं हवेनं झाडून, धुऊन, बोटानं पूर्ण पृष्ठभाग चाचपून मंग कटिंगलेच वापरा. फिनिशिंगचा पॅड पडला तं त्याले फिनिशिंगमधून काढाच, वाद नाई. त्याचं काम मंग हेडलाइट, अलॉय, दाराची आतली बाजू.

धूळवाट:
मेण आणि सीलंटच्या (पॉलिशनंतर रंग जपायला लावायच्या थराच्या) पॅडबद्दल कोणी लिहिलं नाही. मेणाचा पॅड धुवायला पाणी थोडं जास्त गरम लागतं, ४५-५० अंश, एपीसी १ ला ५. सिलिकायुक्त सीलंट असेल तर तो फोममधे कडक होतो आणि एकदा झाला की निघत नाही. काम संपल्या-संपल्या पाच मिनिटांत पाण्याखाली धरला पाहिजे. सिरॅमिक कोटिंगचा ॲप्लिकेटर धुण्याच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या. आणि ज्या शेडमधे पेंटिंगही होतं तिथं सिलिकॉनवाले पॅड वेगळ्या बादलीत धुवा, वेगळे टॉवेल. सिलिकॉन पॅनेलवर गेलं तर नवा पेंट मारताना माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

लोकरीच्या पॅडला दात्यांचं स्पर (दातेरी चाकाचं सफाईचं अवजार) चालतं, फोमला नाही. स्पर फोमवर लावला की एका फेरीत फोम चिरतो. मायक्रोफायबरला ब्रश आणि हवा, दर तुकड्याला, एकही न चुकवता.

लाल_ट्रॅक्टर:
धुतलेलं पाणी कुठं टाकायचं? विहिरीजवळच धुणं होतं बऱ्याच ठिकाणी.

वर्धाकाठ:
विहिरीपासून, हौदापासून लांब. बादली रात्रभर झाकून ठेवा. ॲल्युमिनियम ऑक्साइड जड असतं, पांढरट गाळ खाली बसतो. वरचं पाणी अलगद ओता, पिकाला किंवा जनावरांच्या पाण्याला नको, मोकळ्या मुरमाड जागी. गाळ जुन्या कागदात वाळवून कचऱ्यात. तोच गाळ पहिल्या घासणीच्या बादलीत परत ढवळला गेला तर पुढचा पॅडही खराब, म्हणून दोन बादल्या ठेवा: एक घासायची, एक खळबळायची. घासायच्या बादलीत तळाशी जाळी टाकली तर गाळ खालीच राहतो.

पांढरं_सोनं:
एका गाडीले किती पॅड पाह्यजे मंग? अन् टाकायचा कधी?

काळीमाती:
हॅचबॅक, एकाच टप्प्याचं पॉलिश: ३ ते ४. दोन टप्पे असतील तर कटिंगचे ४, फिनिशिंगचे ३. मोठ्या गाडीला प्रत्येकी दोन-दोन जास्त.  ओला पॅड परत वापरता येत नाही, त्यामुळं पॅड कमी असले की माणूस भरलेल्या पॅडवरच रेटत राहतो, आणि तिथंच गोंद जातो. मे महिन्यात काम सकाळी ६ ते १० मधे उरका. टिनाच्या शेडखाली दुपारी बॉनेटला हात लावता येत नाही, आणि अशा पॅनेलवर कंपाउंड अर्ध्या मिनिटात वाळतं. पॅनेलवर तळहात १० सेकंद ठेवता आला पाहिजे. ठेवता येत नसेल तर थांबा.

टाकायची वेळ ओळखायला चार गोष्टी. अंगठ्यानं मधोमध दाबून सोडा, खळगा लगेच भरला नाही तर फोम मेला. वेल्क्रोची कड नखानं उचलून बघा, बोट आत जाईल इतकी उकलली तर तो पॅड रोटरीवर लावूच नका, १५०० आरपीएमला तो सुटून उडतो. कडा फाटून झालर झाली असेल, तर तेही. आणि मशीन सपाट धरूनही पॅड डुगडुगत असेल तर आधी दुसरा, नवा पॅड लावून पाहा. तोही डुगडुगला तर दोष पॅडचा नाही, प्लेटचा आहे. प्लेटचे हुक मधोमध वितळून चपटे झालेत का ते बोटानं तपासा. चपट्या हुकांवर चांगला पॅडही सरकतो, तापतो आणि दोन गाड्यांत जातो. अशी प्लेट आधी बदला.

पांढरं_सोनं:
प्लेट पाह्यली. मधातले हुक रुपयाच्या नाण्याएवढे चपटे झालेत. ५ इंची प्लेट सांगतो अन् पॅड वजन करून ठेवतो.

काळीमाती:
प्लेट घेताना मशीनचा आटा बघून घ्या. रोटरीला बहुधा एम १४ (१४ मिलिमीटरचा) असतो, डीएचा वेगळा. आणि पॅड प्लेटपेक्षा अर्धा इंच मोठाच हवा, बरोबरीचा घेतला तर प्लेटची कड पेंटला लागते. लावताना पॅड अगदी मधोमध बसवा, पाव इंच जरी सरकला तरी थरथर येते.